उपवास करून यावे

रक्तातील साखरेचे प्रमाण ठाऊक असल्यावाचून या जगातील कोणत्याही गोष्टीचा उलगडा होणे शक्य नाही, अशी आमच्या साडूंची दृढ श्रद्धा होती. मोठमोठी राज्ये का लयाला गेली, सख्खे भाऊ एका चुलीवरून दोन चुलींवर का गेले, एखाद्या नामवंत कीर्तनकाराचा आवाज उत्तररंगात का बसला, या साऱ्यांची उत्तरे ते पोटात जठराच्या मागे आडव्या पडलेल्या स्वादुपिंड नावाच्या एका वीतभर अवयवात शोधीत असत. मी जन्मभर संस्कृत शिकवले. मनुष्याच्या सुखदुःखाचे मूळ त्याच्या कर्मात असते, असे मला माझ्या गुरूंनी सांगितले आणि मी ते निमूटपणे मानले. साडूंचाही त्याला विरोध नव्हता. ते कर्म कोणत्या ग्रंथीतून स्रवते आणि रक्तात किती वेळ टिकते, एवढे आपण शोधून सांगावे, अशी त्यांची मला नम्र विनंती असे.

माझ्या पत्नीची थोरली बहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणतो, तिचे ते यजमान. वयाने माझ्याहून सहा वर्षांनी वडील, उंचीने माझ्या खांद्याला लागणारे, आणि बोलण्यात माझ्या दसपट भरभर. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, आमच्या औरंगाबादेत जे सरकारी शाळेत शिकले त्यांचे सारे शिक्षण उर्दूतून झाले, साडू त्यांतलेच. घरी वडील रुद्राची आवर्तने करीत आणि चिरंजीव पडवीत अलिफ बे गिरवीत. रसायनशास्त्र ते उर्दूत शिकले, पुढे पुण्याला जाऊन संशोधन इंग्रजीत केले, आणि मराठी मात्र त्यांच्या वाट्याला आली ती आईच्या आणि भाजीवालीच्या तोंडून. मधुमेहाला ते बरेच दिवस 'जियाबेतुस' म्हणत. तो शब्द प्रथम ऐकला तेव्हा ते एखाद्या यवन सरदाराचे नाव असावे असेच मला वाटले होते.

लोक त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत आणि दुखरे गुडघे घेऊन त्यांच्या दारी येत. आपण औषध देणारे डॉक्टर नसून शरीरातील संप्रेरकांचा अभ्यास करणारे आहोत, हे ते प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगत. पण आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जाऊ देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. एकदा शेजारचे एक गृहस्थ पाय मुरगळला म्हणून लंगडत आले. साडूंनी पायाकडे पाहिलेही नाही. "पायाचं मला काही मालूम नाही," ते म्हणाले, "पण आलाच आहात तर लघवी देऊन जा." गृहस्थ इतके गोंधळले की देऊन गेले.

या तपासणीसाठी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात सदैव एक काचनळी आणि निळ्या द्रावणाची छोटी बाटली असे. ते द्रावण मूत्रात मिसळून तापविले की साखरेच्या प्रमाणात त्याचा रंग पालटतो: साखर नसेल तर निळेच राहते, अल्प असेल तर हिरवे होते, वाढत गेली की पिवळे, नारिंगी, आणि शेवटी विटकरी; वहीत या रंगांची नोंद एक अधिक, दोन अधिक अशी चढत्या क्रमाने होते. ही रंगमाला साडूंच्या मनात इतकी मुरली होती की सारे जग ते तिच्यातच मोजीत. अक्काचा राग "आज हिरवाच आहे, निभावेल" असा असे; त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य "सकाळपासून विटकरी" असत; आणि माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नात विहीणबाईंनी नेसलेल्या नारिंगी शालूकडे पाहून ते माझ्या कानात गंभीरपणे पुटपुटले, "प्रकरण तीन अधिकचं दिसतं."

तहान हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारण्याची सोय नव्हती. माझ्या भाचीला पाहायला पाहुणे आले त्या दिवशीची गोष्ट. मुलाचे वडील मोठे रुबाबदार, जमीनजुमला बाळगून असलेले गृहस्थ. पोहे खाऊन होईतो त्यांनी तीन तांबे पाणी रिचविले. आम्ही सारे देण्याघेण्याच्या बोलण्याला कशी सुरुवात करावी या विवंचनेत असताना साडू एकदम पुढे सरकले आणि म्हणाले, "रात्री किती वेळा उठता?"  पाहुणे उठून गेले. अक्का महिनाभर माझ्या पत्नीला तोंड दाखवीना. पुढे महिन्याने तेच गृहस्थ एकटेच, टोपी हातात घेऊन, साडूंच्या प्रयोगशाळेत येऊन बसले. नळीतले द्रावण विटकरी झाले. आणि दिवाळीच्या आत लग्नही झाले. त्या घरात आजही माझ्या भाचीला कोणी पाण्याचा तांब्या हाती देताना हसल्याशिवाय राहत नाही.

घराच्या मागल्या अंगणात त्यांनी पांढरे उंदीर पाळले होते. त्यांना दाणे तोळामाशाच्या काट्यावर तोलून मिळत. "मला कधी विचारलं नाही पोट भरलं का म्हणून," अक्का म्हणे, "पण त्यांची ढेकर वहीत लिहून ठेवतात." साडू देव मानीत नसत, तरी माझ्या पूजेची थट्टा त्यांनी कधी केली नाही. गणेशचतुर्थीला मी त्यांच्याकडे गेलो की ते मला प्रथम पिंजऱ्यापाशी नेत. "आधी वाहनाला नमस्कार," ते म्हणत, "मालकाकडे मग जा." मी खरोखरच हात जोडीत असे. एकवीस मोदकांपैकी एक मोदक त्या दिवशी काट्यावर चढे आणि अर्धा अर्धा तोळा करून पिंजऱ्यात जाई. उरलेल्यांतले निम्मे साडू स्वतः खात. त्यांना गोड अतोनात प्रिय. गुलमंडीवरची गरम इमरती हातात धरून ते तिच्यातील साखरेचे शरीरात पुढे काय काय होते ते इतक्या रसाळपणे सांगत की ऐकणाऱ्याची भूक मरून जाई, आणि मग त्याचीही इमरती तेच संपवीत.

रविवारी सकाळी माझी पूजा आटोपायच्या सुमारास ते माझ्या ओट्यावर येऊन बसत. कारण शब्दांचे असे. आपले संशोधन सामान्य माणसांना कळेल अशा मराठीत सांगावे, ही त्यांची तळमळ, आणि मराठी तर अशी तोकडी. मग ते विषय सांगत आणि मी त्याचा शब्द फोडून दाखवी. चयापचय हा शब्द मी त्यांना उलगडून सांगितला, चय म्हणजे साठणे, अपचय म्हणजे झिजणे, तेव्हा ते म्हणाले, "सगळं पुस्तक या पाच अक्षरांत आहे की हो, शास्त्रीबुवा." अशा वेळी मला विद्येचा जो अभिमान होई, त्याचे फळ मला पुढे मिळायचे होते.

पोलीस ॲक्शन होऊन वीसेक वर्षे लोटली असतील, तेव्हा त्यांनी आपल्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम हाती घेतले. मधुमेह हा बसून खाणाऱ्या, अंगाने भरलेल्या माणसांचा रोग, असे तेव्हा सारे मानीत. उन्हातान्हात राबणाऱ्या, अंगावर मूठभर मांस नसलेल्या शेतकऱ्यांच्या रक्तात साखर किती असते, हे आमच्या भागात कोणी पाहिलेच नव्हते. साडूंनी कन्नडच्या अलीकडचे एक गाव निवडले. दर सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचे, मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात बसून माणसांचे रक्त घ्यायचे आणि बर्फाच्या पेटीत घालून परत आणायचे. हे रक्त सकाळी, रात्रीच्या जेवणानंतर काहीही पोटात गेलेले नसताना घ्यावे लागते. नाहीतर खाल्लेल्या अन्नाची साखर त्यात उतरते आणि तपासणीला काही अर्थ राहत नाही. म्हणून गावकऱ्यांना आधी वाटायला एक छापील कार्ड हवे होते, आणि ते घेऊन साडू माझ्याकडे आले.

त्यांनी लिहून आणले होते, 'सकाळी निहारपोटी यावे.'

"निहार हा काय शब्द?" मी विचारले.

"निहार मुँह. सकाळपासून तोंडात काही नाही असा."

"तो तुमच्या उर्दूत. संस्कृतात नीहार म्हणजे धुके. लोक धुक्याची वाट पाहत बसतील."

ते मनापासून हसले. "मग उपाशी या, असं लिहा."

हे मला मानवेना. कोणाला आपल्या दारी बोलावताना 'उपाशी या' असे कोणी म्हणते का? त्यात अशुभ आहे, दारिद्र्य आहे. मी चष्मा पुसला, कार्ड पुढे ओढले आणि वळणदार अक्षरांत लिहिले: 'उपवास करून यावे.' आणि वर त्यांना ऐकविले की उप म्हणजे जवळ, वस् म्हणजे राहणे. उपवास म्हणजे देवाच्या जवळ राहणे.

"माझ्या सुईच्या जवळ राहिले तरी पुष्कळ," साडू म्हणाले, आणि कार्ड छापायला गेले.

पुढची तीन वर्षे त्यांनी एकही सोमवार चुकविला नाही. पहिल्या दिवशी एसटीच्या कंडक्टरने पेटीत काय आहे म्हणून विचारले. "अर्ध्या गावाचं रक्त," यांनी सांगितले. तेव्हापासून त्यांना पुढची जागा राखून मिळे आणि शेजारी कोणी बसत नसे. तीन वर्षांच्या शेवटी जे हाती आले त्याने ते स्वतःच हादरून गेले. राबणाऱ्या, काटक्यांसारख्या माणसांच्या रक्तात उपाशीपोटी साखर चढलेली होती, एका दोघांच्या नव्हे, निम्म्याहून अधिकांच्या. हे खरे असेल तर रोगाविषयीची जुनी समजूत पुन्हा तपासावी लागणार होती. दिल्लीच्या एका परिषदेत निबंध वाचण्याचे त्यांना निमंत्रण आले. महाविद्यालयात विभागप्रमुखाची जागा त्याच सुमारास भरायची होती, आणि या निबंधानंतर दुसऱ्या नावाचा विचारच होणार नाही, असे सर्व जण उघड बोलत. साडू काही बोलत नसत, पण त्यांनी प्रमुखांच्या खोलीतील खिडकी कोणत्या दिशेला उघडते हे दोनदा जाऊन पाहिले होते. अक्काने दिल्लीच्या थंडीसाठी एक राखी स्वेटर विणायला घेतला.

दिल्लीला निघण्याच्या आधीचा सोमवार होता. शेवटचे काही नमुने घ्यायचे होते. परतताना वेरूळला उतरून घृष्णेश्वराचे दर्शन घडेल, या मोहाने मी त्यांच्याबरोबर गेलो. मंडपात साडू एकेकाच्या दंडाला रबरी नळी बांधीत होते. "मूठ वळा. घट्ट. बैलाचा कासरा धरता ना, तशी," असे प्रत्येकाला सांगत होते, आणि लोक हसत हसत रक्त देत होते. मी खांबाला टेकून जप करीत बसलो. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. तिचे रक्त देऊन झाले होते. दंडावर कापसाचा बोळा धरलेला होता. माझ्या कपाळावरचे भस्म पाहून तिने पदराआडून डबा काढला.

"बाबा, उपास दिसतुया तुमचा. जरा भगर घ्या. सकाळचीच हाय."

"सोमवार आहे माझा," मी म्हणालो. "आजी, तुम्हीही सोमवार करता का?"

"नाय वो. म्या कुठला सोमवार धरती. ह्यो साहेबांचा उपास हाय."

"साहेबांचा?"

"व्हय की. कारडावर छापलंय न्हवं, उपास करून या म्हनून. मास्तरानं समद्यांना वाचून दावलं. तवापासून सुईचा दिवस आला की पहाटं उठायचं, भगर करायची, दान्याची आमटी करायची, पोटभर खायाचं आन् मग इथं यायचं. रगत द्यायचं तर अंगात कायतरी नगं का?"

माझ्या हातातली माळ थांबली. समोर पांढऱ्या दाढीचे एक मुसलमान गृहस्थ बसले होते, त्यांनीही मान डोलावली. "हमने तो रोजा समझे, पंडतजी. अंधेरे में पेटभर खाको, सहरी करको आते, फिर पानी बी नै पीते."

"पर बाबा, एक इचारू का?" म्हातारी माझ्याकडे सरकली. "तीन वर्सं झाली, लई मनोभावं केला ह्यो उपास. ह्याचं उद्यापन कवा हाय? सून इचारती, जेवाय किती मानसं सांगायची."

चार हातांवर साडू कोणाला तरी मूठ वळायला सांगत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहून मिस्किलपणे भुवई उडविली. भक्तीण भेटली वाटतं तुम्हाला, अशा अर्थाची. मी मान खाली घातली. तीन वर्षांचे रक्त, आणि त्या साऱ्यात माझ्या शब्दाची भगर उतरली होती.

 वेरूळपर्यंत साडू दिल्लीत निबंध कसा सुरू करायचा ते सांगत होते. वेरूळला उतरल्यावर ते पेटी घेऊन देवळाबाहेर पायरीवर बसले. पेटी सोडून ते कोठेही जात नसत. मी उघड्या अंगाने गाभाऱ्यात गेलो, पिंडीवर हात ठेवला, आणि जो मंत्र मी बालपणापासून रोज म्हणत आलो त्याची दुसरी ओळ मला आठवेना. तसाच बाहेर आलो, सदरा हातातच होता, आणि साडूंच्या शेजारी बसून सारे सांगितले.

ते पेटीकडे पाहत राहिले.  मग त्यांनी विचारले, "भगर, की साबुदाणा?"

"भगर. आणि दाण्याची आमटी."

"किती वाजता?"

"पहाटे. काहींनी सहरी केली होती."

"सगळ्यांनी खाल्लं?"

"सगळ्यांना मी विचारले नाही."

"मग चला, विचारू." ते उठले, पेटी उचलली आणि रस्ता ओलांडून कन्नडकडे जाणाऱ्या एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले.

तेव्हा माझ्या तोंडून जे गेले ते लिहिताना आजही हात अडतो. मी म्हणालो, "परवा तुम्हाला निघायचे आहे. हे त्या गावाला आणि मलाच ठाऊक आहे, आणि गावाला त्याचे महत्त्व ठाऊक नाही." गाभाऱ्यातून बाहेर पडून पाव घटकाही झाली नव्हती, आणि कपाळावरचे भस्म ओलेच होते.

साडू माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आता मलाही मालूम झालं ना, शास्त्रीबुवा," ते म्हणाले. "सदरा घाला. एसटी येईल."

गावात ते घरोघर फिरले. कोणी काय खाल्ले, केव्हा खाल्ले, वहीत लिहीत गेले. एक जण रताळी खाऊन येई; एकाने केळी सांगितली; मास्तरांनी तर फराळाला राजगिऱ्याचे लाडू ठेवले होते. शेवटी आम्ही म्हातारीच्या ओसरीवर पोचलो. काहीच न खाता यायचे होते, हे तिला कळले तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आगं बाई. मंग अनशापोटी या, असं सांगायचं व्हतं की. सरळ मराठीत."

अनशापोटी. अश् म्हणजे खाणे; अनशन म्हणजे न खाणे. माझ्या उपवासाहून नेमका, धातूपासून शेवटापर्यंत निर्दोष असा तो शब्द त्या ओसरीवर शेणाच्या सारवणाइतका रोजचा होता. आणि मी तो गावंढळ समजून आयुष्यात कधी कागदावर उतरविला नव्हता. साडू माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या दिवशी प्रथमच ते हसले. "मराठी मला येत नाही, असं तुम्ही नेहमी म्हणता," ते म्हणाले. "आता दोघंही आजींच्या वर्गात बसू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परिषदेला पत्र टंकून निबंध मागे घेतला. मी समोरच बसलो होतो. माझे इंग्रजी अडखळत चालते. टंकयंत्राच्या खडखडाटात कोठेतरी माझेही नाव उमटत असेल आणि ते योग्यच आहे, असे मी समजून चाललो. त्यांनी ते मला वाचून दाखविले नाही आणि मीही मागितले नाही. विभागप्रमुखाच्या खुर्चीवर त्या वर्षी दुसरे गृहस्थ बसले. अक्काने स्वेटरची उरलेली एक बाही पुरी केली, आणि साडू तो आमच्या औरंगाबादच्या थंडीत, ज्या थंडीला नुसते उपरणे पुरते, घाम पुशीत घालून फिरले.

आणि पुन्हा तीन वर्षे सोमवार सुरू झाले. नवे कार्ड म्हातारीने सांगितले आणि मी लिहून घेतले: 'अनशापोटी यावे. उपासाचेही काही खाऊ नये. हा रोजा नाही.' या वेळी निकाल आला तो असा की गावकऱ्यांच्या रक्तात साखर जेवढी असावी तेवढीच होती. जे थोडके लोक खरोखर आजारी होते ते आता वेगळे उठून दिसले आणि त्यांना औषध सुरू झाले; पूर्वी ते भगरीच्या गर्दीत हरवले होते. बाकी नवल काही निघाले नाही. सहा वर्षांच्या शेवटी हातात काहीच आले नाही, म्हणून मी हळहळलो, तर ते माझ्यावरच चकित झाले. "लोक ठीक आहेत," ते म्हणाले, "हा काय वाईट नतीजा आहे?" तेवढाच एक लहानसा निबंध त्यांनी छापला. शेवटच्या सोमवारी म्हातारीने हट्टाने उद्यापन केले. मंडपात पुरणपोळीची पंगत बसली, साडूंना पाटावर बसवून ओवाळले. ते आठ पोळ्या जेवले, आणि दोन तासांनी साऱ्या पंगतीचे रक्त घेतले.

ते जाऊनही आता बरीच वर्षे झाली. घर आवरताना अक्काने त्यांची एक फाइल माझ्याकडे दिली. तुम्हाला काही ठेवण्यासारखं वाटतं का पाहा, म्हणाली. त्यात त्या पत्राची कार्बन प्रत होती. शब्दकोश जवळ घेऊन मी ती दोन दिवस वाचली. माझे नाव त्यात कोठेही नव्हते. 'सूचनापत्रातील शब्द मी निवडले होते आणि दोष सर्वस्वी माझा आहे,' एवढे एकच वाक्य चुकीविषयी होते, आणि खाली त्यांची सही. प्रतीला एक कार्ड टाचलेले होते: माझ्या वळणदार अक्षरातले ते पहिले. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने उर्दूत काही लिहिलेले होते. मी पाठशाळेत शिकलो, मला ती लिपी येत नाही. पैठण गेटच्या एका जुन्या स्नेह्यांना दाखविले. त्यांनी चष्मा सरसावून वाचले आणि अर्थ सांगितला: "शास्त्रीबुवा म्हणतात, निहार म्हणजे धुकं. आज एक शब्द नवा मिळाला."

अलीकडे माझीही साखर थोडी चढते. साडू असते तर 'हिरवीच आहे' म्हणाले असते. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला जावे लागते. तेथली मुलगी आमच्याच भागातली आहे, ती दारातच विचारते, "आजोबा, अनशापोटी आलात ना?" मी होय म्हणतो. पाळी येईपर्यंत भिंतीलगतच्या बाकावर अर्धा पाऊण तास बसावे लागते. पोटात काही नसते, हातात माळ असते, आणि मूठ आपोआप कासरा धरल्यासारखी वळलेली असते. एकादशा तर मी जन्मभर केल्या. पण माझा उपवास घडतो तो तेवढा वेळ.